गोवरवाल्या बाई

मायक्रोस्कोपवर वाकल्या की आमच्या बाई हसायच्या. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलायला लागायचे, आणि काचेवर मनासारखं काही सापडलं तर ते हसू जिना उतरून थेट रस्त्यावर जायचं. खालच्या झेरॉक्सच्या दुकानातला माणूस मान वर करून म्हणायचा, "आज बाईंना काहीतरी तुटलेलं सापडलेलं दिसतंय." आणि ते खरंच असायचं. माणसाच्या पेशीत गुणसूत्र तुटलेलं दिसलं की बाईंचा दिवस सोन्याचा. विषाणू आपल्या गुणसूत्रांची मोडतोड कशी करतात, हा त्यांचा जन्माचा विषय होता, आणि सगळ्या विषाणूंत गोवर विशेष लाडका. त्यामुळे त्यांचं नाव घेऊन विचारलं तर त्या गल्लीत कुणी पत्ता सांगू शकत नसे. गोवरवाल्या बाई म्हटलं की लहान मूलही बोट दाखवायचं.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पुण्यात विजेच्या प्रत्येक खांबावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लटकत होती. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली जीवशास्त्र सोडून तिकडे गेल्या होत्या. आम्ही वाघोलीचे. वडील शाळामास्तर, घरची थोडी शेती. वडिलांचंही म्हणणं होतं की मी तो क्लास लावावा. पण एका ट्रस्टच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रक्ताच्या पेशींवर काम करायला मुलगी हवी आहे असं कळलं आणि मी बसने शहरात आले.

बाईंनी माझे मार्क विचारले नाहीत. ठेंगणी मूर्ती, इस्त्रीची सुती साडी, खाली खेळाडूंचे पांढरे बूट. त्यांनी मला एका स्टुलावर चढायला सांगितलं, हातात ड्रॉपर दिला आणि खाली टेबलावरच्या काचपट्टीवर थेंब पाडायला सांगितला. पेशी फुगवून उंचावरून टाकल्या की त्या काचेवर आपटून पसरतात आणि आतली गुणसूत्रं सुटी होतात, हे पुस्तकात मी वाचलं होतं. स्टुलावर चढून कुणी ते करत असेल असं वाटलं नव्हतं. माझा थेंब काचेवर न पडता बाईंच्या बुटावर पडला. त्या इतक्या हसल्या की टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग म्हणाल्या, "उद्यापासून या. नेम नाही, पण हात कापत नाही."

आमचं काम तसं सोपं आणि वेडं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत उबेला ठेवून वाढवायच्या, त्या दुभंगायच्या बेतात आल्या की औषध घालून जागच्या जागी थांबवायच्या, काचेवर पाडायच्या आणि फोटो काढायचा. मग त्या फोटोतली सेहेचाळीस गुणसूत्रं कात्रीने एकेक कापून, उंचीप्रमाणे जोड्या लावून कागदावर चिकटवायची. बाईंना ती माणसांसारखी ओळखू यायची. एक नंबर म्हणजे घरातला थोरला, एकवीस आणि बावीस ही शेंडेफळं. कापताना कुणी शिंकलं तर सगळं खानदान टेबलाखाली. मग आम्ही सगळे ओणवे होऊन शोधतोय आणि वर बाई विचारताहेत, "अकरा नंबर सापडला का? तो फार लाजाळू आहे."

विषाणू हे सगळं का मोडतो, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. बाई म्हणाल्या, "अगं, त्याला ना घर, ना चूल. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच ओट्यावर आपल्याच भांड्यांत स्वतःच्या पोरांचा स्वयंपाक मांडतो. त्या धांदलीत फळीवरच्या बरण्या पडणार नाहीत तर काय?" बरण्या म्हणजे गुणसूत्रं. काही विषाणू एखादी बरणी फोडतात. गोवरात कधीकधी एखाद्या पेशीत अख्ख्या फळीचा चुरा झालेला दिसतो. त्याला बाई रांगोळी म्हणत. आणि काही विषाणू जातच नाहीत. स्वतःचा तुकडा आपल्या गुणसूत्रात खुपसून वर्षानुवर्षं बसून राहतात, आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. हे सांगताना मात्र बाई हसत नसत. कर्करोगाच्या वॉर्डातून आलेल्या बायकांचे नमुने त्या स्वतःच बघायच्या, आणि त्या दिवशी खालच्या झेरॉक्सवाल्याला काही ऐकू यायचं नाही.

ताप आला की डॉक्टर "व्हायरल आहे" म्हणतात, यावर बाईंचा जुना राग होता. एकदा बाईंनाच ताप आला म्हणून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. डॉक्टर नेहमीचं वाक्य बोलले. बाईंनी विचारलं, कुठला? डॉक्टर म्हणाले, व्हायरलच. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी पाहुणा आला आणि मी विचारलं कोण आलंय, तर तुम्ही 'माणूस' म्हणाल का?" डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. जिन्यात बाईंना ताप आणि हसू दोन्ही आवरत नव्हतं.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा समीर, कर्वेनगरचा, सॉफ्टवेअरवाला. वडील लहानपणी गेलेले. आई आणि तो एवढंच घर. साखरपुडा झाला, लक्ष्मी रोडच्या चकरा सुरू झाल्या. बाईंना तेव्हा गोवर झालेल्या मुलांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. लॅबमधल्या सगळ्यांनी दिलं, मीही दिलं. माझी गुणसूत्रं व्यवस्थित निघाली. बाई जराशा निराशेनेच म्हणाल्या, "एकदम सरळमार्गी आहेत. लग्नाला हरकत नाही."

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मला गोवर निघाला. त्या मुलांचे नमुने आणता-आणता कुठून तरी लागला असणार. लहानपणी राहून गेलेला तो असा लग्नाच्या तोंडावर आला. मी वाघोलीला अंथरुणाला खिळले. डोळे लाल, अंग लालेलाल, अंगात ताप. घरात काळोख करून ठेवलेला. अशात दारात रिक्षा थांबली आणि ओळखीचं हसू ऐकू आलं. बाई हातात सिरिंजचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना एवढा आनंद कशाचा झाला होता ते मला तापातही कळलं. आजारी माणसाचं आजारापूर्वीचं रक्त कुणाकडेच नसतं. माझं त्यांच्या लॅबमध्ये होतं. तोच माणूस, आधीचा आणि आताचा. बाईंच्या दृष्टीने हा दसरा होता. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, पाणी पाजलं, रक्त घेतलं आणि डबा छातीशी धरून आल्या तशा गेल्या. माझी चुलती दारातून बघत होती. ती आईला म्हणाली, "पोरगी तापानं फणफणलीया आन ही बाई हसतीया. डोकं ठिकाणावर हाय नव्हं हिचं?"

मी बरी होत होते तोवर तिकडे निकाल आला. गुणसूत्रं तुटलेली होती, बऱ्याच पेशींत. लॅबमधल्या एका सहकाऱ्याने ती काच बघितली आणि घरी जाऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याची मावशी समीरच्याच सोसायटीत राहायची. कर्वेनगरात बातमी पोचली ती अशी, की वाघोलीच्या त्या मुलीची गुणसूत्रं तुटकी आहेत. गोवर हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला. समीरच्या आईंचा वडिलांना फोन आला. अगदी सभ्यपणे त्या म्हणाल्या, की आपण तूर्तास थोडं थांबूया. वडील हो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मला खरं तर कळायला हवं होतं. पण अर्धवट शिकलेल्या माणसाला भीती जास्त वाटते. मी पुस्तकातली सगळी वाईट पानं आठवली. कर्करोग, व्यंग असलेली मुलं, सगळं. अंगावरचे डाग पुरते गेले नव्हते तरी मी बस पकडून लॅबमध्ये गेले. बाई मायक्रोस्कोपवर होत्या आणि अर्थात हसत होत्या. मला बघताच त्यांनी हात धरून स्टुलावर बसवलं. "बघ, बघ. हा तुझा तीन नंबर. काय सुरेख तुटलाय." मी बघितलं. एका लांब गुणसूत्राचं टोक वेगळं होऊन पडलं होतं. शेजारच्या पेशीत तर रांगोळीच. मी तिथेच रडायला लागले.

बाईंचं हसू थांबलं. काय झालं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फळीवरून दोन फोटो काढले, पिशवीत टाकले, मोपेडची किल्ली घेतली आणि मला मागे बसायला सांगितलं. आम्ही कर्वेनगरला निघालो. एका चौकात लाल दिव्याला थांबल्यावर स्वतःशीच म्हणाल्या, "सुरेख काय, सुरेख. मूर्ख बाई."

समीरच्या आई शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतलेल्या, पांढरी वेणी, कडक इस्त्री. त्यांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि समोर ताठ बसल्या. समीर कोपऱ्यात उभा होता. बाईंनी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. एक गोवराआधीचा, एक गोवरातला. ओटा, भांडी, बरण्या, सगळं पुन्हा एकदा झालं. समीरच्या आईंनी मध्येच तोडलं.

"म्हणजे तुटलेलं आहे हे खरं."

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

"आणि ते जुळतं?"

"पुष्कळसं पेशी स्वतःच जोडून घेते. फार मोडलं असेल तर ती पेशी मरते आणि दुसरी येते. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू."

"आणि उद्याची मुलंबाळं?"

"रक्ताच्या पेशीतून मुलं होत नाहीत हो, विहीणबाई."

विहीणबाई हा शब्द बाईंनी असा सहज टाकला की समीरच्या आईंना तो नाकारायला वेळच मिळाला नाही. तरी त्या म्हणाल्या, की हे सगळं तुम्ही म्हणता, मला त्यातलं काय कळणार, मी विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? मला वाटलं, आता बाई चिडणार. पण त्या एकदम खुलल्या. म्हणाल्या, "ठेवूच नका. स्वतः येऊन बघा. आणि येणारच आहात तर तुमचंही रक्त द्या, समीरचंही देऊ दे. सगळ्यांची मांडून ठेवते."

सिरिंजचा डबा पिशवीतच होता. समीरच्या आईंनी पदर खोचून हात पुढे केला आणि सुई आत जाताना डोळ्याची पापणीही हलवली नाही. समीरची पाळी आली. बाईंनी सिरिंजचं झाकण काढलं आणि तो उभ्याचा आडवा झाला. सुई अजून त्याच्यापासून हातभर लांब होती. आम्ही पाणी मारलं, पंखा मोठा केला. त्याच्या आईंनी खाली पडलेल्या मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझी तुटली आहेत म्हणतात. याची जागेवर आहेत का तेवढं बघ."

बाई हसल्या ते त्या बिल्डिंगला अजून आठवत असेल. मीही हसले. समीरच्या आई हसल्या नाहीत, पण त्यांनी चहा टाकला.

ठरल्याप्रमाणे महिन्या-दीड महिन्याने समीरच्या आई लॅबमध्ये आल्या. आधी माझ्या ताज्या रक्ताची काच. बाईंनी एक एक पेशी दाखवली. सगळी गुणसूत्रं आपापल्या जागी, अखंड. त्या बघत राहिल्या. मग बाईंनी दुसरी काच सरकवली आणि म्हणाल्या, या तुम्ही. समीरच्या आई बराच वेळ डोळा काढेनात. अचानक त्यांनी विचारलं, "इथे एक तुकडा सुटा दिसतोय. माझाही तुटलाय?" बाईंनी वाकून बघितलं आणि हो म्हणाल्या. नुकती सर्दी होऊन गेली असेल, किंवा तसंच काही. अशी थोडीफार तुटफूट प्रत्येक माणसात चालूच असते, आणि पेशी ती निस्तरत असते. "प्रत्येक माणसात?" "प्रत्येकात. माझ्यात तर विचारू नका."

तेव्हा त्या हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. दोघी बायका एका मायक्रोस्कोपच्या दोन बाजूंना उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि मी स्टुलावर बसून बघत होते. परत जाताना रिक्षात समीरच्या आई मला म्हणाल्या, "मला आजवर सगळे म्हणत आले की तुम्हाला त्यातलं कळायचं नाही. या बाईने पहिल्यांदा म्हटलं, येऊन बघा." पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः वाघोलीला येऊन वडिलांशी तारीख पक्की केली. स्वतःच्या गुणसूत्रांचा फोटो त्यांनी मोठा करून दिवाणखान्यात लावला. आल्या-गेल्याला ती गांडुळं वाटायची. त्या शांतपणे सांगायच्या, ती मी आहे.

लग्नात बाई दोन्ही बाजूंनी मिरवल्या. नंतर समीरला त्यांनी शनिवार-रविवारी लॅबमध्ये ओढलं. ट्रस्टने एक कॉम्प्युटर घेतला होता, त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि खोलीबाहेर चपलांची रांग. कात्री आणि डिंक बंद करून कॉम्प्युटरने जोड्या लावाव्यात असा समीरचा बेत होता. ऑफिसात तो दोन हजार साल आलं की कॉम्प्युटर तारखांचा काय घोळ घालतील ते दुरुस्त करायचा, त्यामुळे घोळ या विषयात त्याला गती होती. त्याचा प्रोग्राम धडधाकट गुणसूत्रं झटकन लावायचा, पण तुटका तुकडा दिसला की कचरा समजून टाकून द्यायचा. बाई म्हणाल्या, "तुझं यंत्र फार सोवळं आहे रे. मोडकं घरात घेत नाही. आणि आपलं सगळं काम तर मोडक्याचंच." दोघं कितीतरी रविवार त्यावर भांडले. शेवटी तो प्रोग्राम तुकडे बाजूला वेगळे मांडायला शिकला, आणि पहिला तुटका तुकडा बरोबर जागी बसला तेव्हा समीर खुर्चीवर उभा राहून नाचला. सुईला घाबरणारा तो माणूस तुटक्या गुणसूत्रांना मात्र कधी घाबरला नाही.

बाईंच्या हसण्यामागे एक गोष्ट होती जी मला आई झाल्यावर समजली. माझ्या मुलीला गोवराची लस द्यायची वेळ आली तेव्हा मी कामात होते, उद्या नेते म्हणत होते. बाई घरी आल्या, मुलीला कडेवर घेतलं आणि मला रिक्षात बसवून स्वतः घेऊन गेल्या. ओळखीच्या, बिनओळखीच्या प्रत्येक आईला त्या लसीचं विचारायच्या, बसमध्ये, भाजीच्या गाडीशी, कुठेही. हळूहळू रुग्णालयातून येणारे गोवराचे नमुने कमी झाले. एका वर्षी तर उन्हाळा सरला तरी एकही आला नाही. मी हळहळले, कारण काम अडलं होतं. बाई दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आल्या. ट्रस्टच्या सेक्रेटरींनी गोंधळून विचारलं की वार्षिक अहवालात यंदा या विभागापुढे काय लिहायचं. बाई म्हणाल्या, "आजार मिळाला नाही, असं लिहा. मोठ्या अक्षरात."

निवृत्त झाल्यावर त्या वाईला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. स्वारगेटला त्यांना सोडायला मी, समीर आणि सासूबाई गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून मला उबेच्या पेटीबद्दल सूचना देत होत्या आणि सासूबाईंना वाईला येण्याचं वचन मागत होत्या. गाडी वळली तरी त्यांचा हात बाहेरच होता. कंडक्टर ओरडला असणार, कारण हात एकदम आत गेला.

वाईहून फोन यायचे. बहिणीच्या अंगणात संध्याकाळी आळीतली मुलं जमतात, त्यांना मी विषाणूंच्या गोष्टी सांगते, असं त्या म्हणायच्या. मुलं इतके हात धुवायला लागली होती की आयांची पाण्यावरून तक्रार होती. बाईंना त्या तक्रारीचा फार अभिमान होता.

एका सकाळी चहा घेऊन पुन्हा आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. फोन त्यांच्या बहिणीचा आला. सासूबाई आणि मी त्याच दिवशी गेलो. सगळं आटोपल्यावर ओसरीवर बसलो होतो. संध्याकाळ झाली तशी फाटक वाजलं आणि मुलं आली. एक, दोन, मग बरीच. त्यांना झालेलं माहीत होतं. ती आत आली नाहीत, अंगणातच उभी राहिली. बाईंच्या बहिणीने त्यांना समजावून घरी जायला सांगितलं. त्यातली थोडी मोठी मुलगी म्हणाली, की आजी काल अर्ध्यातच थांबल्या. गुणसूत्र तुटतं इथपर्यंत सांगितलं, आणि पेशी ते परत कसं जोडते ते उद्या सांगते म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच पुढे ढकललं.

मी पायरीवर जाऊन बसले. मुलं खाली मातीत मांडी घालून बसली. मी म्हटलं, आधी पेशीला कळावं लागतं की काहीतरी तुटलंय. त्यासाठी तिच्याकडे पहारेकरी असतात.

"मोठ्यानं सांगा," मागून कुणीतरी म्हणालं. "इथं ऐकू येत नाही."

मी आवाज चढवला.